न झालेला खर्च

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, अंधार पडला की
वुपरतालचे लोक घरातलं नकोसं
फुटपाथवर आणून ठेवायचे.
बुधवारी पहाटे पालिकेचा ट्रक.
मधली रात्र इर्मट्राउटबाईंची.

मी अकरा वर्षांचा, त्यांच्या खालच्या मजल्यावरचा.
हातगाडी मागून ढकलायचे पन्नास फेनिग मिळत,
शिवाय करकरणाऱ्या चाकाला शिव्या घालायची मुभा.
गाडीही अशीच मिळालेली:
बाबागाडीचा सांगाडा, वर बेकरीचा ट्रे.

बाई आधी नुसत्या बघत.
मग खुर्चीच्या पाठीवर दोन बोटं ठेवून,
वैदूनं नाडी धरावी तशा, म्हणत,
"सांधा सुटलाय. हाड शाबूत आहे."
किंवा, "हिला राहू दे, आतून कीड आहे."

नियम होते. गादी घ्यायची नाही.
दुसरं कुणी वाकलं असेल तर आपण पुढे जायचं.
ढीग उपसला तर होता तसा रचायचा.
आणि दिवा असलेल्या घरासमोर हळू बोलायचं.
टाकलेलं कुणी उचललं
की लोकांना ते पुन्हा आपलं वाटायला लागतं.

स्वयंपाकघरातल्या खणात एक वही.
इस्त्री. दुकानात ५९ मार्क. वायरला ३. वाचले ५६.
लोकरी कोट. १८०. बटणं घरचीच. वाचले १८०.
आरसा, कोपरा उडालेला. ४०.
(कोपऱ्यात कोण बघतं?)

विलफ्रीडकाकांनी जन्मभर नदीवरच्या
लोंबत्या रेल्वेचे नटबोल्ट तपासले.
ते वही तपासत नाताळात, चष्मा पुसून:
"अठरा हजार चारशे बारा मार्क. बरं.
पण ट्राउटे, आहेत कुठे ते?"
"बसलायस की त्यांच्यावर," बाई म्हणत.
काका उठून खुर्चीखाली वाकून बघत.
दरवर्षी. दरवर्षी मी हसायचो.

ते गेल्यावर वहीत दोन महिने काही नाही.

ऑक्टोबरात आम्ही ब्रिलच्या चढावर गेलो,
तिथले लोक चांगलं टाकतात.
एका फाटकापाशी, दिव्यांच्या शेड्सखाली,
एक तिपाई. पांढरी रंगवलेली.
दोन पाय बीचचे, तिसरा
फावड्याचा दांडा, तासून बसवलेला.

बाईंनी नाडी बघितली नाही.
नखानं रंग खरवडला, खाली निळा निघाला.
वर खिडकीत दिवा होता,
आत कुणीतरी बशा आवरत होतं.
फाटकावर पाटी: हेनिंग आणि आंका.
हेनिंग म्हणजे बाईंचा मुलगा.
लग्नात दिलेली भेट.

"चाक वाजवू नकोस," एवढंच म्हणाल्या.

त्या रात्री वही उघडली, तारीख लिहिली, तिपाई लिहिलं,
आणि पेन्सिल तशीच धरून बसल्या.
"ही एकदा मांडलीय, सत्त्याऐंशीत.
एकच पैसा दोनदा कसा वाचेल?"
मी म्हटलं, वाचेल की.
"वही आहे ती," बाई म्हणाल्या, "गप्पा नाहीत."

आठवडाभर पांढरा रंग घासत होत्या.

रविवारी हेनिंग आला, एकटाच.
प्लमचा केक खाताना त्याच तिपाईवर बसला,
मागे रेलला, रेलायला काही नाही हे विसरून, सावरला.
"भक्कम आहे. कुठे मिळाली?"
"मिळाली."
"देशील? तळघरात अशी एक हवीच होती."

बाईंनी दुसरा तुकडा कापला. हात स्थिर.
"वीस मार्क."
तो हसला. त्या हसल्या नाहीत.
त्यानं पाकीट काढलं.

दारात पोचल्यावर त्यानं तिपाई उलटी केली,
दांड्यावरून अंगठा फिरवला, खालून वर,
आणि जिन्याचा दिवा विझेपर्यंत तिथेच उभा राहिला.
मी खालच्या वळणावर होतो, श्वास धरून.
मग पावलं उतरली, न बोलता.

बाईंनी नोट वहीत ठेवली, काकांच्या फोटोसमोर धरून दाखवली.
"हे बघ," म्हणाल्या. "हे इथे आहेत."

आणि पुढची ओळ मी वाचली, खांद्यावरून:
आले, २०.
वजा रंग घासायचा कागद, १.२०.
वजा पोराचे, ०.५०.